बाळ दूध काढतं, वजनही वाढतंय. मग ॲसिडिटीचे थेंब कशाला?

निंबोणी:
हसतं-खेळतं, बाळसं धरलेलं बाळ दिवसातून आठदा दूध काढत असेल तर बदलायचं ते लाळेरं. आमचा साडेतीन महिन्यांचा. पहिल्याच भेटीत ॲसिडिटीचे थेंब लिहून मिळाले, वजन न करताच! अहो, या वयात अन्ननलिकेच्या टोकाची झडप मध्येच सैल पडते, पोटात सगळं पातळ आणि बाळ दिवसभर आडवं. दूध वर येणारच. चौथ्या महिन्याच्या आसपास जोर असतो, वर्षाच्या आत बहुतेकांचं थांबतं.

रात्रपाळी:
बोलणं सोपं आहे. आमची लेक रात्री दोन ते पाच रडायची, अंगाची कमान करायची. थेंब सुरू केले, दहा दिवसांत शांत.

निंबोणी:
न देताही झाली असती म्हटलं तर राग येईल. पण 2009 साली लॅन्सोप्राझोल या ॲसिडिटीच्या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. 162 बाळं, निम्म्यांना औषध, निम्म्यांना औषधासारखं दिसणारं काहीतरी. दोन्हीकडे 54 टक्के बाळांना सारखाच आराम! वर औषधवाल्यांत छातीचे संसर्ग जास्त.

उंबरठा:
गाईच्या दुधातलं प्रथिन सोसत नसेल तरी अशीच लक्षणं दिसतात. आधी ते दोन ते चार आठवडे बंद करून बघा, असं 2018 च्या युरोप-अमेरिकेच्या मार्गदर्शिकेत आहे. अंगावर पिणारं बाळ असेल तर आईने दूध-दही-पनीर सोडायचं. माझ्या बहिणीने सोडलं, पंधरवड्यात फरक पडला. (चहा कोरा, तो त्रास वेगळाच.)

रात्रपाळी:
आणि थांबण्यात वेळ गेला तर? शेजारच्या बाळाला 'सगळीच ओकतात' म्हणत घरी ठेवलं. पाचव्या आठवड्यात उलटी कारंज्यासारखी उडायला लागली. जठराचं तोंड अरुंद निघालं, ऑपरेशन झालं.

निंबोणी:
ते उदाहरण माझ्याच बाजूचं. तिथे थेंब देत बसले असते तर आणखी उशीर झाला असता. जोराची किंवा हिरवी उलटी, रक्त, वजन न वाढणं, दूध नाकारणं, यात थांबा असं मी म्हणतच नाही. तडक डॉक्टर गाठायचे.

रात्रपाळी:
बरं. पण आमचे थेंब तिसरा महिना चालू आहेत. बंद कधी करायचे, कोणी सांगितलंच नाही.

उंबरठा:
चार ते आठ आठवड्यांनी गरज पुन्हा तपासायची असते. परस्पर बंद करू नका, पण उद्याच फोन लावा.