मदत हवी आहे : ऑस्ट्रेलियाला जाण्याआधी तिथल्या मूळ लोकांबद्दल समजून घ्यायचंय

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आई-बाबांना घेऊन मेलबर्नला ताईकडे चाललोय, मधले चार दिवस उलुरूला, म्हणजे वाळवंटातल्या त्या प्रचंड लाल खडकाकडे. खरं सांगतो, ऑस्ट्रेलिया म्हणजे कांगारू, क्रिकेट आणि समुद्रकिनारे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. परवा व्हिडिओ कॉलवर आठ वर्षांच्या भाचीने शाळेत रोज म्हणतात ते म्हणून दाखवलं : ही जमीन इथल्या मूळ वुरुंजेरी लोकांची आहे, त्यांच्या वडीलधाऱ्यांना आमचा आदर. ऐकून मी गप्पच झालो.

मग वाचायला बसलो. उलुरू तिथल्या मूळ अनंगू लोकांसाठी पवित्र आहे. त्यावर चढणं ऑक्टोबर २०१९ पासून कायमचं बंद झालं. सरकारने आईबापांपासून तोडलेल्या मूळ लोकांच्या मुलांच्या पिढ्या, त्याबद्दल २००८ मध्ये संसदेत मागितलेली माफी... आईला हे वाचून दाखवताना तिचे डोळे भरून आले.

तिकडे राहणाऱ्यांनी कृपया सांगा. 'ॲबोरिजिनी' हा शब्द आता अपमानास्पद मानतात, मग आपण काय म्हणावं? उलुरूला अनंगू गाइडबरोबरच फिरायचंय, बुकिंग कसं करायचं? मूळ लोकांची ठिपक्यांची चित्रं घ्यायची तर पैसे खरोखर चित्रकाराला मिळतात हे कसं ओळखायचं?

आणि २६ जानेवारी. आपला प्रजासत्ताक दिन, पण १७८८ साली ब्रिटिश सिडनीला उतरले तोही हाच दिवस, तिथल्या अनेक मूळ लोकांसाठी शोकाचा. ताईच्या मंडळाचं झेंडावंदन त्याच सकाळी आहे. तुम्ही त्या दिवशी काय करता?