डॅनियल शेज गुन्हेगार होता का?

माळकरी: शेज हा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पेलम गावचा शेतकरी. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात बंकर हिलला आणि साराटोगाला इंग्रजांशी लढला, कॅप्टन झाला. १७८० मध्ये फौज सोडून घरी आला, तर पगार थकलेला आणि अंगावर कर्जाचे दावे. अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या फ्रेंच सेनानी लाफायेतने भेट दिलेली तलवारसुद्धा विकली. गावाच्या समित्यांवर लोकांनी निवडलेला माणूस, कुणी उडाणटप्पू नव्हे. १७८६ मध्ये जप्तीचे निकाल लागू नयेत म्हणून शेतकऱ्यांनी कोर्टं बंद पाडली, त्यात तो पुढे होता. मला तरी त्याचं चुकलं असं वाटत नाही.

वकीलीणबाई: कोर्ट अडवलं, इथवर समजू शकते. पण जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चाल करून जाणं म्हणजे काय? समोर राजा नव्हता, निवडून आलेलं सरकार होतं. सॅम्युअल अॅडम्स स्वतः इंग्रज राजाविरुद्धच्या क्रांतीतला पुढारी. त्याचंही म्हणणं हेच की राजाविरुद्ध उठलेल्याला एकवेळ माफ करावं, प्रजासत्ताकाविरुद्ध उठलेल्याला नाही.

माळकरी: त्या सरकारने काय केलं तेही सांगा की. सैनिकांना पगाराऐवजी कागद दिले, म्हणजे पैसे नंतर देऊ अशा वचनचिठ्ठ्या. पोटासाठी त्यांनी ते सट्टेवाल्यांना मातीमोल भावाने विकले. मग त्याच कागदांची पुरेपूर भरपाई करायला सरकारने कर बसवला, तोही नाण्यांत. म्हणजे लढला तो, कागद विकला त्याने, आणि आता कर भरून सट्टेवाल्याचा खिसाही त्यानेच भरायचा!

आडनाव_नको: प्रतिनिधी पाठवायचे होते ना मग. पश्चिमेकडची कितीतरी गावं खर्च नको म्हणून बॉस्टनला राज्याच्या विधानसभेत कुणाला धाडतच नसत. घरी बसायचं आणि नंतर बंदुका काढायच्या.

माळकरी: खिशात नाणं नाही म्हणून तर भांडण चाललंय, आणि तुम्ही प्रवासखर्चाचा हिशेब मागताय. बंड मोडणाऱ्या जनरल बेंजामिन लिंकनच्या फौजेचा पैसा कुणी दिला? बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी, वर्गणी काढून. शस्त्रागारापाशी चार माणसं मेली, चौघेही शेजच्या बाजूची.

वकीलीणबाई: वर्गणीचा मुद्दा झोंबला, कबूल. तरी १७८७ च्या निवडणुकीत लोकांनी ती फौज धाडणाऱ्या गव्हर्नर बोडनला घरी बसवून त्याच्या जागी जॉन हॅनकॉकला आणलंच. मतपेटीने झालं ते तोफेपुढे जाऊन झालं नव्हतं.

माळकरी: बंड झालं नसतं तर बोडन पडला असता? पुढच्याच वर्षी शेजला माफी मिळाली. नंतर इंग्रजांविरुद्धच्या लढाईतल्या नोकरीचं पेन्शनही.