हुए ते दानांग रेल्वेनेच

व्हिएतनामच्या सहलीत हनोईहून दक्षिणेकडचा सगळा प्रवास रात्रीच्या स्लीपर बसने करायचा, असं तुमचं ठरतंय. पैसे वाचतात, खरंय. (चढताना बूट काढून पिशवीत घालायचे, आणि उंच माणसाने पाय कुठे ठेवायचे ते विचारू नका!) पण वाटेतल्या हुए शहरापासून दानांग शहरापर्यंत दिवसाच्या रेल्वेनेच जा. हाय वान घाटाला वळसा घालत गाडी समुद्राला अगदी खेटून जाते. खिडकी डावीकडचीच घ्या.

तुमच्यातल्या शाकाहारी मित्रासाठी: 'चाय' हा व्हिएतनामी शब्द पाठ कर. चहा नव्हे, शाकाहारी! नाहीतर साध्या पालेभाजीतही माशाचा सॉस पडतो. अमावस्या-पौर्णिमेला तिकडेही बरेच जण शाकाहार पाळतात, तेव्हा मात्र चंगळ.