मदत हवी आहे: लेकीचं टेनिस आणि बर्कलीचा प्रवास

नमस्कार मंडळी. आम्ही सॅन होजेला असतो. लेक अकरावीत आहे, टेनिस खेळते, बर्कलीचा ध्यास घेतलाय. 2024 मध्ये पॅक-12 या पश्चिमेकडच्या कॉलेजांच्या खेळांच्या गटातून 10 कॉलेजं बाहेर पडली, त्यात बर्कली थेट अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसी या गटात गेलं. फुटबॉलच्या टीव्हीच्या पैशापायी! आता टेनिसच्या पोरींनीही पार पूर्वेकडे मॅचला जायचं. काल रात्री जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून ती विमानाचे तास वहीत मांडत होती. बघून जीव तुटला.

2025 पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पण मोठा वाटा फुटबॉल-बास्केटबॉललाच जातो. कुणाची मुलं अशा टीममध्ये आहेत का? लॅब, परीक्षा कशा सांभाळतात? स्कॉलरशिप चारही वर्षं टिकेल ना, हे कोचला कसं विचारावं? पुढच्या आठवड्यात भेट आहे.