नासी लेमाक आणि नारळीभात
नासी लेमाक या मलेशियातील भाताला काही जण ‘गूळ न घातलेला नारळीभात’ म्हणतात, ते मला पटत नाही. नारळीभातात खोवलेले खोबरे दाताखाली येते. नासी लेमाकमध्ये मात्र तांदूळ नारळाच्या दुधातच शिजतो आणि गाठ मारून घातलेल्या पंदन या केवड्याच्या जातीतल्या वनस्पतीच्या पानामुळे त्याला आंबेमोहराच्या जवळ जाणारा सुवास येतो. मलय भाषेत ‘लेमाक’ म्हणजे स्निग्ध, आणि तो स्निग्धपणा तोलण्यासाठीच तिखट-गोडसर सांबल (मिरचीची चटणी), कुरकुरीत तळलेली बारीक सुकी मासळी, शेंगदाणे, काकडी व अंडे सोबत असते. युनेस्कोने २०२४ मध्ये अमूर्त वारसा म्हणून नोंदवलेल्या मलेशियाच्या न्याहारी-संस्कृतीत हा भातही आहे. घरी करताना मात्र सांबल तेल सुटेपर्यंत मंद आचेवर परतावे. माझी घाई नेहमी तेथेच नडते.