राईडमधल्या छोट्या थांब्यांसाठी कुलूप: तुमचे अनुभव इथे लिहा

फ्रीव्हील
राईडमध्ये पाच-दहा मिनिटांचे थांबे येतातच. बाटली भरायची, स्वच्छतागृहात जायचं, दुकानात शिरायचं. तेवढ्या वेळात सायकल बाहेर एकटी. दीड किलोचं यू लॉक (यू आकाराच्या पोलादी दांडीचं कुलूप) शंभर किलोमीटर वाहून नेणारे थोडेच, आणि काहीच न नेणाऱ्यांची भिस्त नशिबावर.

धागा फक्त अशा थांब्यांपुरता आहे. रात्रभर किंवा स्टेशनबाहेर दिवसभर लावायच्या कुलपांसाठी वेगळा धागा काढू. "माझी सायकल कशी गेली" याच्या कहाण्या नकोत. काय वापरता, वजन-लांबी किती, ते कुठे दगा देतं आणि का, एवढं लिहा.

सुरुवात म्हणून माझं मत: अशा थांब्यावर भीती असते ती टांग टाकून पळणाऱ्याची, फार तर खिशात छोटं कटर असलेल्याची. ग्राइंडर (फिरत्या चकतीने धातू कापायचं यंत्र) घेऊन आलेल्याला खिशात मावेल असं कोणतंच कुलूप अडवत नाही. त्यामुळे सायकल नजरेआड किती मिनिटं राहणार, हे आधी ठरवा आणि मग कुलूप निवडा. नजरेसमोर असेल तर शंभर-दीडशे ग्रॅमची, डबीत गुंडाळली जाणारी केबल पुरे. नजरेआड दहा मिनिटांच्या पुढे जाणार असेल तर ती पुरत नाही.

ग्रीसचे_हात
केबलबद्दल एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. पाकिटावर लिहिलेली जाडी प्लॅस्टिकच्या आवरणासकट असते. १२ मिमीच्या केबलमध्ये पोलाद बरंच कमी भरतं. दोन बोटांत धरून वाकवून पाहा: सहज वाकली तर आत बारीक तारांचा पीळ आहे. असा पीळ बोल्ट कटरपेक्षा (लांब दांड्यांची लोखंड कापायची कात्री) केबल कटरने सोपा तुटतो, कारण त्याची गोल पाती तारा पसरू न देता एकत्र धरून कापतात. गुंडाळणाऱ्या लॉकमधली दोन-तीन मिमीची तार तर चांगल्या पकडीनेही जाते. म्हणून केबल घेताना जाडीपेक्षा लांबीकडे लक्ष द्या.

लांबी अशी मोजा. एक सुतळी घ्या. मागच्या चाकाच्या रिमभोवती, सीट ट्यूबभोवती (सीटखालची फ्रेमची नळी) आणि नेहमी भेटणाऱ्या जाडीच्या खांबाभोवती एकदम फिरवा, गाठ मारा, सोडवून मोजा. १० सेंमी व्यासाच्या नुसत्या खांबालाच ३१ सेंमी लागतात. त्यात टायर, रिम आणि फ्रेम आली की ७५ सेंमीची केबल ओढाताणीने पोचते, ९० ची आरामात. शिवाय कुलपाच्या डोक्याजवळ केबल वळत नाही, तिथले दहाएक सेंमी वाया जातात ते वेगळे धरा.

तिरकी_आरी
+१ सुतळीला. कार्बन फ्रेमवाल्यांनी एक जोड द्यावी: केबलचं लोखंडी डोकं टॉप ट्यूबवर (फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीवर) आपटतं आणि रंग टवका होऊन उडतो. टायरमधल्या जुन्या रबरी ट्यूबचा १५ सेंमी तुकडा डोक्यावर चढवला की काम भागतं.

चारअंकी
नंबरलॉकवाल्यांसाठी. तीन चकत्यांचं म्हणजे १००० जोड्या. सेकंदाला एक धरली तरी १७ मिनिटांत सगळ्या संपतात, सरासरीने त्याच्या निम्म्यात. चार चकत्यांचं असेल तर तेच पावणेतीन तास. पण स्वस्त लॉकमध्ये कुणी इतकं मोजत बसत नाही. केबल बाहेर ओढून धरायची आणि एकेक चकती फिरवायची, बरोबर आकड्यावर चकती किंचित अडखळते. घरी स्वतःच्या लॉकवर करून बघा. दोन मिनिटांत आकडे बोटांना कळले तर ते कुलूप सायकलीला नको, बॅगेच्या चेनला लावा.

दुसरी चूक आपली असते. लावताना घाईत शेवटची एकच चकती एक-दोन घरं फिरवायची. चोरालाही तीच एक चकती फिरवायची असते. चारही विस्कटा.

तिसरी, आणि हिने सगळ्यात जास्त लोक रस्त्यावर अडकतात: नंबर आपोआप बदलणं. बऱ्याच लॉकमध्ये नवा नंबर ठेवायला एक छोटी खिट्टी दाबतात किंवा बाही पाव फेरा वळवतात. उघडं लॉक सॅडल बॅगेत टायर लिव्हरशी (टायर काढायच्या पट्टीशी) घासत गेलं की ती खिट्टी सरकते, चकत्या हलतात, आणि पुढच्या थांब्याला लॉक लागतं पण उघडत नाही. नेताना लॉक बंद करूनच ठेवा. नवा नंबर ठेवल्यावर केबल कशातही न अडकवता तीनदा लावून-उघडून पाहा.

घाटचढ
किल्लीचं घेणाऱ्यांनी किल्ली बघून घ्यावी. गोल नळीसारख्या किल्लीची काही कुलुपं साध्या बॉलपेनच्या प्लॅस्टिक नळीने उघडतात, हे २००४ साली जगजाहीर झालं आणि कंपन्यांना कुलुपं बदलून द्यावी लागली. चपटी, दोन्ही बाजूंना खाचा असलेली किल्ली बरी. किल्लीवर कोरलेला नंबर वेगळा लिहून ठेवा, हरवली तर त्यावरून दुसरी बनवून मिळते.

मला विचाराल तर मधला मार्ग म्हणजे घडीचं लॉक. पट्ट्या रिव्हेटवर दुमडतात, ८५-९० सेंमीचं साधारण ६०० ग्रॅमपासून किलोच्या वर जातं. बॉटल केजच्या (बाटली ठेवायच्या जाळीच्या) दोन बोल्टांवर ब्रॅकेट बसतं. दुबळी जागा रिव्हेटची. पट्टी कितीही कडक असली तरी सांध्यावर पिळायला जागा मिळाली की तो सुटतो. म्हणून लावताना पट्ट्यांच्या आत मोकळी जागा ठेवायची नाही.

फ्रीव्हील
@घाटचढ, ब्रॅकेट खडखडत नाही का? खराब रस्त्यावर डोकं उठतं.

घाटचढ
खडखडतं. लॉक आणि ब्रॅकेटच्या मध्ये ट्यूबची पट्टी घाला. बोल्ट सैल पडला म्हणून अ‍ॅलन कीने (षटकोनी पान्याने) जीव खाऊन आवळू नका. कार्बनमध्ये बसवलेली आट्यांची छोटी नळी फ्रेममध्येच फिरायला लागते, मग बोल्ट आवळतही नाही आणि निघतही नाही.

तळपट्टी
वजन चालत असेल त्यांनी छोटं यू लॉक नेऊन पाहावं. १३ मिमीची कडक दांडी छोट्या कटरला पुरून उरते. मोठ्या बोल्ट कटरसाठी १६ मिमीच्या आसपास जावं लागतं, पण तेवढं वजन राईडला कोण नेतं? दांडीची दोन्ही टोकं आत अडकणारं निवडा. एकाच टोकाला खिळ असेल तर एक काप घेऊन दांडी फिरवून काढता येते. दोन्ही टोकं अडकलेली असली की दोन काप लागतात.

लावायची जागा: रिम आणि टायर मागच्या त्रिकोणाच्या आत, म्हणजे सीट ट्यूब, सीटस्टे आणि चेनस्टे (सीटकडून आणि पेडलकडून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) यांच्यामध्ये असताना यू रिमभोवती आणि खांबाभोवती. फ्रेमला वेढा दिला नाही तरी चाक त्रिकोणातून बाहेर येत नाही, म्हणून फ्रेमही अडकते. छोट्या यूला हाच फायदा. रिम कापता येते, हा आक्षेप खरा आहे. पण आऱ्यांच्या (स्पोकच्या) ताणाने रिम दाबलेली असते आणि करवतीचं पातं त्यात चिमटतं, त्यामुळे ते वाटतं तितकं झटपट होत नाही. शिवाय चोराच्या हाती बिघडलेलं चाक राहतं.

कुलूप जमिनीपासून उंच ठेवा. खाली लोंबत असेल तर कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून दुसऱ्यावर अंगाचा भार टाकता येतो. आणि खांबाचं वरचं टोक बघा! कित्येक पाट्यांचे खांब खांद्याइतके उंच असतात, सायकल कुलपासकट वरून निघते.

ग्रीसचे_हात
बरोबर. ब्रिटनमधल्या 'सोल्ड सिक्युअर' या कुलुपं तपासणाऱ्या संस्थेच्या श्रेणी (कांस्य, रौप्य, सुवर्ण, हिरा) किंवा नेदरलँड्समधल्या तशाच 'एआरटी'चे तारे कुलपावर असले तर ते कुठल्या दर्जाचं आहे याचा अंदाज येतो. खिशातल्या केबलवर यातलं काही शोधू नका, नसणारच.

पंक्चरवीर
पुढच्या चाकाबद्दल कुणी बोललं नाही. क्विक रिलीज (पान्याशिवाय लीव्हरने सुटणारं चाक) असेल तर लीव्हर उलटवून नट तीन-चार फेरे सैल केला की चाक हातात. फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुपाखी दांड्याच्या) टोकांना ओठ असतात म्हणून तेवढे तरी फेरे लागतात. लीव्हरऐवजी अ‍ॅलन कीवाला स्क्यूअर (चाकाच्या आसातून जाणारी बारीक दांडी) बसवा, वजन उलट कमी होतं. आट्यांनी फ्रेममध्ये बसणाऱ्या जाड आसाचा, म्हणजे थ्रू अ‍ॅक्सलचा लीव्हर सुटा असेल तर काढून खिशात टाका.

नजरेसमोरच्या थांब्याला आणखी एक: जुन्या ट्यूबची दीड-दोन सेंमी रुंद कडी कापून हँडलबारवर ठेवा. थांबलं की ती ब्रेक लीव्हरवर चढवायची, ब्रेक दाबलेला राहतो. पळवणाऱ्याला सायकल ढकलता येत नाही, का ते कळायला त्याला चार सेकंद लागतात, तेवढ्यात आपण ओरडू शकतो. लांब उतार उतरून डिस्क तापली असेल तर हे लगेच करू नका. पॅडचा थर त्याच जागी डिस्कवर चिकटतो आणि नंतर ब्रेक थरथरतो.

हेल्मेटचा पट्टा चाकातून ओवणारेही आहेत. पट्टा कापायला कात्री पुरते. आणि विसरून निघालात तर हेल्मेट फोर्कमध्ये, तुम्ही हँडलबारवरून पुढे.

तिरकी_आरी
उभ्या सायकलवर गिअर चार क्लिक बदलून ठेवायचे, म्हणजे चोराच्या पहिल्याच पेडलला चेन उडेल, ही युक्ती कशी?

पंक्चरवीर
चोराच्या आधी आपणच विसरतो, आणि जोर देऊन उभं राहिल्यावर चेन उडाली की गुडघा टॉप ट्यूबवर. इलेक्ट्रॉनिक गिअरला तर अजिबात करू नका. चेन सगळ्यात जड गिअरला आणून थांबा, बस. निघताना आपल्यालाही जड जातं, पण निदान पडत तरी नाही.

चारअंकी
पोलादी गाभ्याचे झिप टायसारखे (वायरी बांधायच्या दातेरी पट्ट्यासारखे) पट्टे राहिले. वजन नगण्य, जर्सीच्या खिशात गोल गुंडाळून बसतात, चाकं बांधायला उत्तम. तुटायला मात्र पत्रा कापायची कात्री पुरते. साधा नायलॉनचा झिप टाय तर कुलूप म्हणून धरूच नका, त्याची जीभ टाचणीने उचलून पट्टा न कापता सोडवता येतो.

तळपट्टी
दोन सायकली असतील तर एकमेकींकडे उलट तोंड करून उभ्या करा, एकीचं हँडल दुसरीच्या सीटजवळ. एकच ९० सेंमीची केबल दोन्ही फ्रेम आणि एकेका चाकातून जाते. खांब नसला तरी दोन सायकलींची जुडी उचलून पळणं एकट्याला जमत नाही. चेनची बाजू मात्र दोघींची बाहेर ठेवा, नाहीतर डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) एकमेकांत अडकतात आणि ते धरणारा हँगर वाकतो.

ग्रीसचे_हात
देखभालीचं: कुलपात तेल सोडू नका, धूळ धरून घट्ट होतं. ग्रॅफाइटची पूड किंवा कोरडं टेफ्लॉन. पावसात भिजलं असेल तर आधी सुकवा. लावताना किल्लीचं भोक खाली करा, म्हणजे पाणी आणि खडे दोन्ही आत जात नाहीत.