हताय प्रजासत्ताक: तुर्कस्तानलाच द्यायचे होते, तर आधी राज्य कशासाठी स्थापन केले?

धरमपेठकर:
दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या पश्चिम आशियाचा इतिहास वाचताना एका ठिकाणी मी अडलो आहे. फ्रान्सच्या मॅंडेटखालील (म्हणजे राष्ट्रसंघाने फ्रान्सकडे कारभारासाठी सोपवलेल्या) सीरियातून अलेक्झांड्रेटाचा संजक (उस्मानी काळातील जिल्हा) वेगळा काढला गेला, २ सप्टेंबर १९३८ रोजी तेथे हताय हे राज्य जाहीर झाले, तायफुर सोकमेन त्याचे अध्यक्ष झाले आणि वर्ष पुरे होण्याआधीच, २९ जून १९३९ रोजी, तेथील विधिमंडळाने तुर्कस्तानात सामील होण्याचा ठराव केला. मग अध्यक्ष, पंतप्रधान आणि स्वतंत्र निशाण हा खटाटोप कशासाठी? आपल्या वऱ्हाडाप्रमाणे नुसत्या करारावर भागले नसते का?

महालवासी:
उत्तर मॅंडेटच्या सनदेतच आहे. तिच्या चौथ्या कलमानुसार सीरिया व लेबनॉनचा कोणताही भाग परकीय सत्तेला देता येत नव्हता, भाडेपट्ट्याने लावून देता येत नव्हता किंवा तिच्या ताब्यातही जाऊ देता येत नव्हता, आणि ही जबाबदारी खुद्द फ्रान्सवर होती. वऱ्हाडाचे तसे नव्हते. तेथे सार्वभौमत्व निजामाचे होते, त्यामुळे १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनशी कायमच्या पट्ट्याचा करार करण्याचा अधिकार निदान कागदोपत्री तरी त्याच्याकडे होता. (विषयांतर होते, पण त्याच निजामाच्या नातवाचे, म्हणजे पुढे ‘वऱ्हाडचा युवराज’ ठरलेल्या आझम जाहचे, लग्न १९३१ मध्ये शेवटच्या उस्मानी खलिफाच्या मुलीशी झाले होते.)

फ्रान्सपाशी विकायला स्वतःचे काही नसल्यामुळे वाट पायरीपायरीने काढावी लागली. फ्रान्स व तुर्कस्तान यांच्यातील १९२१ च्या अंकारा करारात या संजकाला वेगळी प्रशासकीय व्यवस्था मिळालेली होतीच. १९३६ मध्ये फ्रान्सने सीरियाच्या स्वातंत्र्याचा तह केला तेव्हा तुर्कस्तानने हा प्रश्न राष्ट्रसंघापुढे नेला, आणि १९३७ मध्ये अंतर्गत कारभारापुरता स्वायत्त असा दर्जा ठरला. पुढे स्वतंत्र म्हणवणाऱ्या विधिमंडळाने विलीनीकरण मागितले, म्हणजे ‘आम्ही दिले नाही, त्यांनी मागितले’ असे म्हणायची सोय झाली. खरे कारण युरोपात होते. जर्मनी आणि इटलीच्या भीतीने फ्रान्सला तुर्कस्तान आपल्या बाजूला हवा होता, आणि हताय देण्याचा करार व परस्पर साहाय्याची घोषणा ही दोन्ही २३ जून १९३९ या एकाच दिवशी झाली, यावरून सौद्याचे स्वरूप पुरेसे स्पष्ट होते.

सीताबर्डीकर:
कायद्याची बाजू मान्य आहे. परंतु ते विधिमंडळ कसे घडले, हेही पाहिले पाहिजे. १९३६ च्या फ्रेंच अंदाजानुसार संजकात तुर्क सुमारे ३९ टक्के होते. म्हणजे तो सर्वांत मोठा समूह होता, मात्र बहुसंख्य नव्हता. उरलेल्यांत अलवी (शिया परंपरेतून निघालेला एक पंथ), आर्मेनियन, सुन्नी अरब आणि इतर ख्रिस्ती होते. १९३८ मध्ये राष्ट्रसंघाचा आयोग मतदारनोंदणी अर्धवट टाकून परतला, जुलैमध्ये तुर्की फौज संजकात शिरली आणि त्यानंतर पूर्ण झालेल्या नोंदणीवरून ४० पैकी २२ जागा तुर्कांना मिळाल्या. नोंदणी ज्याच्या हाती, विधिमंडळही त्याचेच, एवढाच याचा अर्थ मी घेतो. निशाणसुद्धा तुर्कस्तानचेच होते. फरक केवळ चांदणीत, ती भरीव पांढरी नसून तिची फक्त बाह्यरेषा पांढरी होती.

धरमपेठकर:
दोघांचेही आभार. ज्यांना हे विलीनीकरण नको होते, त्यांचे पुढे काय झाले?

महालवासी:
सीरियाचे राष्ट्राध्यक्ष हाशिम अल-अतासी यांनी जुलै १९३९ मध्ये राजीनामा दिला आणि सीरियाने हे विलीनीकरण पुढेही दशकानुदशके मान्य केले नाही. आर्मेनियनांपैकी बहुतेकांनी प्रदेश सोडला. मुसा दाग डोंगरावरील गावांतील लोकांना लेबनॉनमधील अंजार येथे वसवण्यात आले, मात्र त्या गावांपैकी वाकिफली येथील बरेच लोक जागचे हलले नाहीत, आणि ते आर्मेनियन गाव आजही तुर्कस्तानच्या हताय प्रांतात आहे.